कॉपीराइटचा बडगा आणि भीमगीतांचा हक्क

वरळीच्या बीडीडी चाळीत गेल्या भीमजयंतीला एका पोराने गाणे म्हटले आणि लगेच नेटवर टाकले. तासाभरात व्हिडिओ उतरवला गेला. शब्द त्याच्या आजोबांचे, आवाज त्याचा, चाल मात्र जुन्या सिनेमातली. यंत्राने चाल ओळखली. शब्द कुणाचे, हे विचारलेच नाही.

संगीतकाराला मोबदला मिळालाच पाहिजे, याबद्दल आमचा वाद नाही. पण ओळखीच्या साच्यात नवा विचार भरणे हीच आपली परंपरा आहे. भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा बाज घेऊन बाबासाहेबांचा लढा गावोगाव नेला. वामनदादांची गाणी वह्यांतून आणि तोंडातोंडी पसरली. परवानगीची वाट पाहिली असती तर चळवळ मुकी राहिली असती.

कायदा कुणाकडे बघून घट्ट होतो, तेही पाहा. १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क होता. त्या हिशेबाने बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २००७ ला सर्वांना खुले झाले असते. पण १९९१ अखेर रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क संपत आला, तेव्हा मुदत ६० वर्षांची झाली. बाबासाहेबांचे ग्रंथ २०१७ उजाडेपर्यंत अडकले. वस्तीतल्या छोट्या प्रकाशकाला कुणी विचारले होते?

२०१२ च्या दुरुस्तीने थोडी ढाल दिली. तक्रारीवरून मजकूर बंद केला आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. पण १४ एप्रिलला बंद झालेले गाणे ५ मेला परत येऊन काय उपयोग? शिवाय मोठ्या कंपन्या आधी स्वतःचे नियम चालवतात. वकील नसलेल्या पोराने दाद कुठे मागायची?

म्हणून कायद्याला नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही. गीत लिहिले की हक्क आपोआप मिळतो, त्याला नोंदणीची अट नाही. वामनदादा २००४ साली गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत टिकतो. मग आपल्या शाहिरांच्या वारसांना तो मिळतो का, हे कोण पाहणार?

मित्रांनो, घरातल्या जुन्या वह्या बाहेर काढा. कवीचे नाव आणि तारीख लिहून ठेवा. न वाचता कुठल्याही कंपनीच्या कागदावर सही करू नका. चुकीचा दावा आला तर लेखी हरकत घ्या. बाबासाहेबांनी कायदा शिकून लढायला शिकवले. गाण्यासाठीही आपण तसेच लढले पाहिजे.

जय भीम!