मृगाआधीचं माळवद

विटा, खानापूर, आटपाडी हा पर्जन्यछायेचा मुलूख. इथल्या जुन्या घरांवर सपाट माळवद असे: तुळया, त्यांवर किलचन, मग पाला आणि वर मातीचा जाड थर.

उन्हाळ्यात हा थर भेगाळे. मृगाआधी भेगा झाडून त्यांत पांढरी, खारी माती भरायची, चोपून बसवायची. ओल लागताच तिचे बारीक कण फुगतात आणि फट मिटते. खरं कसब पन्हळीपाशी लागे. तिथली एक भेग राहिली, की पाणी थेट तुळईत मुरायचं.

लाकडी जहाजातही अशाच फटी बुजवाव्या लागत: मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याचे कारागीर सागवानी फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ भरत. तिथं १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. माळवदं मात्र सिमेंटचा स्लॅब आल्यावर भराभर उतरवली गेली.