रकान्यापासून प्राचलापर्यंत

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब येथील शेतजमीन महसुली दप्तरात दोन गावनमुन्यांत नोंदलेली असते. नमुना सात हा अधिकाराचा व नमुना बारा हा पिकाचा. छापील नमुन्यात शब्दाचा अर्थ स्थानावरून ठरतो. ‘कापूस’ हा शब्द पिकाच्या रकान्यात आहे म्हणूनच तो पीक होय. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे ही नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवर करू लागला. परंतु संगणकीय अर्जात अर्थ ठरविण्याची रीतच तत्पूर्वी पालटली होती. त्या पालटाचा इतिहास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीच्या विनिर्देशानुसार अर्जातील प्रत्येक रकाना नाव व मूल्य अशा जोडीने सर्व्हरकडे जातो. स्थानाची जागा नावाने घेतली. ‘शेतकऱ्याने तलाठ्याला अर्ज दिला’ या वाक्यातील पदे मागेपुढे केली तरी कर्ता ढळत नाही. कारण विभक्तिप्रत्यय पदाबरोबरच जातो. रकान्याचे नाव असेच प्रत्ययस्थानी आहे.

आरंभी प्रोग्रामकार प्रत्येक मूल्य नावाने मागून घेई आणि त्याचे अंकात वा दिनांकात रूपांतर स्वतःच करी. पुढे हे काम फ्रेमवर्कांनी पत्करले. स्प्रिंगच्या २.५ (२००७) आणि एएसपी डॉट नेट एमव्हीसीच्या पहिल्या (२००९) आवृत्तीत अर्जातील मूल्ये कंट्रोलरच्या मेथडच्या प्राचलांशी नावावरून जुळविली जात. प्राचल ‘पीक’ व रकाना ‘पिक’ असा एका मात्रेचा भेद पडला, तरी ‘कापूस’ मेथडपर्यंत पोचत नाही. जावाच्या कंपायलरकडून तर प्राचलांची नावे सामान्यतः गळून पडत व केवळ क्रम उरे. ती राखण्याचा पर्याय जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४ साली, आला.

या सोयीचे मोल मार्च २०१२ मध्ये कळून आले. येगोर होमाकोव याने गिटहब या संकेतस्थळाच्या अर्जात मुळात नसलेला, खातेदाराच्या क्रमांकाचा रकाना स्वतः जोडून पाठविला. रेल्स या फ्रेमवर्कवरील त्या प्रणालीने नाव ओळखून तो स्वीकारला आणि होमाकोवची किल्ली दुसऱ्याच्या खात्यास लागली. पीक नोंदविता नोंदविता भोगवटादाराचेच नाव बदलावे, तसा हा प्रकार. २०१३ मधील रेल्सच्या चौथ्या आवृत्तीपासून कोणती नावे स्वीकारावयाची हे कंट्रोलरमध्ये स्पष्टपणे लिहिणे आवश्यक झाले.

छापील नमुन्याचे रकाने मोजके होते आणि ते भरणारा तलाठी त्यांची मर्यादा जाणत होता. नावाने जुळणाऱ्या अर्जात ती मर्यादा कागद घालून देत नाही. ती कोणीतरी विचारपूर्वक लिहावी लागते. प्रत्यय पदाचा संबंध दाखवितो. त्या पदाला वाक्यात येण्याचा अधिकार आहे की नाही, हे मात्र तो सांगत नाही.