एम्प्रेस मिल : चात्या आणि हजेरी

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आरंभीची यंत्रे स्वस्तातली. सूतही तसेच निघाले. पुढे १८८३ च्या सुमारास तिथे रिंग चात्यांचा प्रयोग झाला. लँकेशायरची भिस्त तेव्हा म्यूलवरच होती. म्यूलवर सूत कातणे व गुंडाळणे आळीपाळीने होई, रिंगवर ते अखंड चाले. परंतु अखंड चालणाऱ्या यंत्रापुढे माणूसही रोज उभा हवा, आणि गैरहजेरी तर गिरणीचे जुने दुखणे. व्यवस्थापक बेझनजी मेहता मूळचे रेल्वेतले (गिरणीचा गंधही नसलेले!). हजेरीसाठी बक्षिसे आली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी. याला निव्वळ दानत म्हणणे मला पटत नाही. त्यात हिशेब होता, आणि त्या हिशेबात कामगाराचे म्हातारपणही धरलेले होते.