शेवटची पोळी : धार-देवासच्या संस्थानांतील कुत्र्याचे अन्न आणि घरगुती काटकसर

माळव्याच्या पठारावरील धार आणि देवास ही पवार घराण्याची संस्थाने मराठी इतिहासात प्रामुख्याने स्वाऱ्या, खंडणीचे हिशेब आणि इंग्रजांशी झालेले तह यांच्या निमित्ताने अभ्यासली जातात. तेथील घराघरांत दाराशी पोसल्या गेलेल्या जनावरांच्या अन्नाकडे इतिहासलेखनाचे लक्ष क्वचितच वळते. बैल, गाय आणि घोडा यांना चारा, दाणा आणि पेंड लागत असल्यामुळे त्यांचा खर्च हिशेबात वेगळा दिसतो. कुत्रा मात्र माणसांसाठी शिजलेल्या अन्नातच वाटेकरी असतो, म्हणून त्याच्या पोटाचा इतिहास स्वयंपाकघराच्या आणि त्यातल्या काटकसरीच्या इतिहासात मिसळून गेलेला आहे. कुत्र्याला घरचेच शिजवून घालावे, बाजारची खाद्ये घेऊ नयेत, असा विचार आज शहरांतून पुन्हा बळावत असताना ही जुनी काटकसर नेमकी कशावर उभी होती हे पाहणे उपयोगाचे आहे. कारण तिचा निम्मा आधार स्वयंपाकघराच्या बाहेर होता.

या भूमीत कुत्र्याविषयीचे शास्त्रीय कुतूहल जुने आहे. देवासपासून चाळीस किलोमीटरच्या आत असलेल्या उज्जैनच्या परिसरात, इसवी सनाच्या सहाव्या शतकात, वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ रचली आणि तीत कुत्र्याच्या लक्षणांना स्वतंत्र अध्याय दिला. उजव्या पुढच्या पायाला सहा आणि उरलेल्या तिन्ही पायांना पाच-पाच नखे, तांबूस ओठ व नाक, सिंहासारखी चाल, झुपकेदार शेपूट आणि मऊ, लोंबते कान असलेला कुत्रा पोसणाऱ्याच्या घरी लवकरच लक्ष्मी आणतो, असे त्यात सांगितले आहे. त्याला काय खाऊ घालावे हे मात्र त्या लक्षणांत येत नाही. पुढे अकराव्या शतकात धारानगरीत राज्य करणाऱ्या परमार भोजाच्या नावावर अश्वशास्त्राचा ग्रंथ आहे. भोजाच्या हयातीतच कल्याणीच्या चालुक्यांनी धारेवर स्वारी केली होती, आणि त्याच घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’, म्हणजे कुत्र्यांकरवी केलेली शिकार, हे प्रकरण घातले. त्याच ग्रंथात राजाच्या भोजनाचे विस्तृत वर्णन आहे. म्हणजे पाकशास्त्र आणि श्वानविद्या या दोहोंना एकाच पोथीत जागा मिळाली, परंतु राजाचे ताट आणि कुत्र्याचे ताट ही दोन प्रकरणे एकमेकांना भेटली नाहीत. पुढे धार संस्थानात आलेल्या मांडूच्या किल्ल्यात, पंधराव्या शतकाच्या अखेरीस, सुलतान गियासशाहाच्या दरबारी ‘निअमतनामा’ हा सचित्र पाकग्रंथ तयार होऊ लागला. त्यात सामोशापासून खिरीपर्यंतच्या कृतींबरोबर शिकारीला जाताना काय काय न्यावे याचीही चर्चा येते. इतक्या खवय्या प्रदेशात कुत्र्याच्या अन्नावर कोणी लिहिले नाही, यामागे अनास्थेपेक्षा गरजेचा अभाव होता असे मानणे अधिक योग्य ठरेल.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवार माळव्यात स्थिरावले. उदाजी आणि आनंदराव यांच्या शाखेकडे धार आले. तुकोजी आणि जिवाजी या बंधूंकडे देवास आले, आणि त्यांच्या वंशांत ते थोरली पाती व धाकटी पाती असे विभागले गेले. ‘पाती’ म्हणजे वाटणीचा हिस्सा. हे सर्व सरदार ज्या सातारकर शाहू छत्रपतींच्या सेवेत होते, त्यांचे श्वानप्रेम मराठी इतिहासात प्रसिद्ध आहे. वाघाच्या शिकारीत प्राण वाचवणाऱ्या कुत्र्याला शाहूंनी जहागीर आणि पालखीचा मान दिल्याचे इतिहासकार ग्रँट डफने नोंदवले असून साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला ‘खंड्या’चे स्मारक दाखवले जाते. जहागीरदार कुत्रा हा अर्थात अपवादच होय. मराठी राज्यव्यवस्थेत दरबाराचा संसार ‘अठरा कारखान्यां’त वाटलेला असे, आणि कारखाना म्हणजे एकेका कामाचे खाते. त्यांत अंबारखाना हे धान्याचे कोठार, मुदपाकखाना हे स्वयंपाकाचे खाते आणि शिकारखाना हे शिकारी पशुपक्ष्यांचे खाते होते. शिकारी कुत्रा हा अशा व्यवस्थेत चाकरच असतो आणि चाकराला शिधा ठरलेला असतो. माळवा ज्या मोगली साम्राज्याचा सुभा होता, त्याच्या ‘आईने-अकबरी’तही शाही कुत्र्यांच्या रोजच्या मांसाचे प्रमाण नेमून दिलेले आढळते.

देवासच्या दोन पात्यांची वाटणी इतकी बारीक होती की शहरातील मुख्य रस्त्याच्या दोन बाजूंवर दोन वेगळ्या दरबारांचा अंमल चाले आणि पाणीपुरवठा व दिवाबत्तीची व्यवस्थाही वेगवेगळी असे. गल्लीतला कुत्रा रस्ता ओलांडून समोरच्या घरी तुकडा मागायला गेला की एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात पोहोचत असे, आणि ही बहुधा त्या वाटणीने न अडवलेली एकमेव ये-जा असावी.

सामान्य घरातील कुत्र्याला शिधा नव्हता. त्याला हक्क होता आणि तो धर्माने दिलेला होता. श्राद्धाच्या दिवशी पंचबली काढण्याची रीत माळव्यातील मराठी कुटुंबांनीही जपली. पंचबली म्हणजे गाय, कुत्रा, कावळा, देवता आणि मुंगी यांच्यासाठी ताटातून प्रथम वेगळे ठेवलेले पाच घास. त्यांतील श्वानबली यमाच्या श्याम आणि शबल या दोन कुत्र्यांच्या नावाने दिला जातो. माळव्याच्या हिंदी-माळवी भाषक समाजात याला रोजच्या व्यवहाराचे रूप आले : पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हा दंडक तेथील चुलीने आजही फारसा सोडलेला नाही. उज्जैनचा काळभैरव आणि त्याचे वाहन असलेला कुत्रा, दत्तमूर्तीच्या पायाशी बसलेली चार कुत्री, खंडोबाबरोबर धावणारा कुत्रा, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव ही सर्व या मुलखाच्या घराघरांतील ओळखीची दैवते आणि कथा होत. असे असले तरी सोवळ्या घरात कुत्र्याला ओटीच्या आत प्रवेश नसे. त्याचे भांडे म्हणजे फुटक्या मडक्याचे खापर किंवा दगडी कुंडे, आणि त्याची जागा दाराबाहेर. पूज्य परंतु अस्पर्श्य, अशी ही विलक्षण स्थिती होती, आणि तिच्यातूनच कुत्र्याच्या अन्नाचे स्वरूप ठरले : ते ताजे शिजवलेले असले तरी शेवटचे असे, आणि बहुतेक वेळा उरलेले असे.

या शेवटच्या पोळीत असे तरी काय? माळव्याच्या काळ्या जमिनीत गहू आणि हरभरा पिकत असला तरी गरीब घराचे रोजचे अन्न ज्वारी आणि मका हेच होते; धार संस्थानच्या भिल्ल मुलखात तर मक्याचेच प्राबल्य होते. दळण-कांडणानंतर उरलेला कोंडा आणि कण्या, म्हणजे धान्याचे फुटके कण, ताकात शिजवले की राबडी होते. गव्हाचा जाडसर रवा पाण्यात शिजवला की माळव्यातली थुली होते. घरच्यांच्या पातेल्याच्या बुडाशी राहिलेली खरवड, ताकाचे पाणी, जाड भाकरीच्या कडा आणि डाळ-बाफल्याच्या पंगतीनंतर उरलेले बाफले कुत्र्याच्या वाट्याला येत. धान्यावर कुत्रा जगतो ही गोष्ट मांसभक्षक प्राण्याच्या बाबतीत विचित्र वाटली तरी तिला आधार आहे. पिष्टमय पदार्थ पचवणारे द्रव्य तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा पाळीव कुत्र्यात कितीतरी अधिक असतात, हे स्वीडनमधील एरिक अॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. माणूस शेती करू लागला आणि त्याच्या चुलीशेजारी बसलेल्या प्राण्याचे पोटही शेतकऱ्याचे झाले.

तथापि केवळ भाकरीवर हा कुत्रा धष्टपुष्ट राहिला असे मानणे ही मोठी चूक ठरेल. धार-देवासच्या खेड्यातला कुत्रा बांधलेला नव्हता. शेतातले उंदीर, घुशी, सरडे आणि टोळ तो स्वतः मारून खाई; गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या ढोरावर गिधाडांबरोबर त्याचाही वाटा असे; मांसाहारी वस्त्यांतून त्याला हाडके मिळत. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून माळव्यातून जाणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्याबरोबरची उंच, सडपातळ राखणी कुत्रीही मुक्कामाच्या भाकरीबरोबर रानातल्या सशावर जगत. प्रथिने, चरबी आणि कॅल्शियम यांचा पुरवठा अशा रीतीने मालकाला दमडीही खर्च न करता परस्पर होत असे. मालकाची काटकसर खरी, पण तिची वर्गणी रान आणि गावकूस भरत होते.

अन्नाखेरीज इतर गरजाही घरातल्या टाकाऊ वस्तूंतूनच भागत. फाटकी गोधडी किंवा पेंढा भरलेले गोणपाट हे अंथरूण, खाटेच्या जुन्या निवारीची पट्टी हा गळपट्टा आणि सुताचा पीळदार दोर ही साखळी. लांडगा-बिबट्याच्या मुलखात मेंढपाळ लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालीत, कारण हिंस्र जनावर कुत्र्याचा गळाच धरते. पिसवा आणि गोचिडांसाठी कडुनिंबाच्या पाल्याचे उकळून गार केलेले पाणी, खरजेसाठी करंजेल किंवा खोबरेल तेलात खललेले गंधक, जखमेवर हळद असे हे घरगुती औषधशास्त्र होते. त्यातील निंबपाणी निरुपद्रवी आणि गंधकाला पशुवैद्यकातही जुनी मान्यता. परंतु गोचिडांवर रॉकेल आणि खरजेवर गाडीचे जळके तेल चोपडण्याची जी सवय यंत्रयुगात त्याला येऊन चिकटली ती घातक आहे, कारण कुत्रा अंग चाटतो आणि ते विष पोटात जाते. कुत्रा चावल्यावर जखमेत मिरचीपूड भरण्याची रीत तर त्याहून भयंकर होती. पाश्चरने १८८५ मध्ये पिसाळरोगाविरुद्धची लस माणसाला प्रथम दिली आणि १९०० मध्ये कसौली येथे पाश्चर संस्था निघाली. तोवर येथे मिरचीपूड, मंत्र आणि दैव यांखेरीज या रोगावर कोणाकडेच काही नव्हते.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलू लागले. देवासने १८१८ मध्ये आणि धारने १८१९ मध्ये इंग्रजांशी तह केला, आणि दोन्ही संस्थानांच्या शेजारी महूची लष्करी छावणी उभी राहिली. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतून टेरियर आणि स्पॅनियल जातींची कुत्री आली आणि त्यांच्याबरोबर घरात राहणाऱ्या, नाव घेऊन हाक मारलेल्या, ठरल्या वेळी जेवणाऱ्या कुत्र्याची कल्पनाही आली. त्याच शतकात, १८६० च्या आसपास, लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या व्यावसायिकाने गहू, भाज्या आणि मांस यांची कुत्र्यांसाठीची बिस्किटे विकायला काढली आणि श्वानखाद्य हा जगात एक उद्योग झाला. संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारत राज्यात विलीन झाली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि राजवाड्याच्या शिकारी कुत्र्याचे कामच संपले. उरला तो नव्या वसाहतींतील बंद दाराआडचा कुत्रा. त्याला रान नाही, उंदीर नाही, गावकूस नाही. आहे ती फक्त पोळी, आणि फार तर दूध, जे वयात आलेल्या अनेक कुत्र्यांना पचतही नाही.

इथे जुन्या काटकसरीचा हिशेब चुकतो. केवळ पोळीवर वाढवलेल्या पिल्लाची हाडे वाकू शकतात, कारण धान्यात आणि मांसात फॉस्फरस भरपूर असला तरी कॅल्शियम तुटपुंजे असते. अंड्याचे धुऊन, वाळवून बारीक दळलेले कवच ही त्यावरची सर्वांत स्वस्त भर असून एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. प्रथिनांसाठी उकडलेले अंडे किंवा बिनहाडाचे शिजवलेले कोंबडीचे मांस, आणि माळव्यातच १९७० नंतर सर्वत्र पसरलेले सोयाबीन उपयोगी पडते. मात्र ते पूर्ण शिजलेले हवे, कारण कच्च्या सोयाबीनमधील घटक प्रथिनांचे पचन रोखतात. त्याच सोयाबीनची तेल काढलेली पेंड कारखान्यात जाते आणि पुष्कळदा महागड्या पाकिटातून परत येते, हेही ध्यानात घ्यावे. थुली, अंडे, शिजवलेला लाल भोपळा किंवा गाजर आणि थोडे दही असे ताट आजही पाकिटापेक्षा स्वस्त पडते. त्यात कांदा आणि लसूण मात्र अजिबात नसावा. माळवा हे लसणाचे आगर असल्याने तेथील डाळीला फोडणी लसणाचीच असते, आणि या दोन्ही पदार्थांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. मनुका, द्राक्षे, चॉकलेट आणि शिजवल्यावर ठिसूळ होऊन टोकदार फुटणारी हाडे यांनाही तोच नियम लागू आहे. जुन्या काळच्या कुत्र्यांना फोडणीची डाळ कशी चालली, असे विचारले जाते. तिचा वाट्याला आलेला अंश घासभरच असल्याने पुष्कळ कुत्रे जगले, आणि जे मेले त्यांचे कारण कोणी शोधले नाही.

गल्लीतल्या कुत्र्याची शेवटची पोळीही आता वैयक्तिक पुण्याची बाब राहिलेली नाही. प्राणी जन्मनियंत्रणाचे २०२३ चे नियम आणि ऑगस्ट २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांनी भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या जागा नेमून देण्याची जबाबदारी रहिवासी संघटना आणि स्थानिक संस्था यांच्यावर टाकली आहे. घरच्या कुत्र्यासाठी घरीच शिजवू इच्छिणाऱ्या कुटुंबाने महिनाभर ताटलीत काय आणि किती घातले ते वहीत मांडावे, कुत्र्याचे वजन त्यापुढे लिहावे आणि ती वही एकदा पशुवैद्याला दाखवावी. महूला १९५५ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि धारहून काय किंवा देवासहून काय, तेथे सकाळी जाऊन संध्याकाळच्या आत परत येता येते.