मेबल आरोळे

डॉ. मेबल रजनीकांत आरोळे (१९३५ – १९९९) या भारतीय वैद्यक आणि सार्वजनिक आरोग्यतज्ज्ञ होत्या. पती डॉ. रजनीकांत आरोळे यांच्यासह त्यांनी १९७० साली अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे 'कॉम्प्रेहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट' ही संस्था स्थापन केली. कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्या युनिसेफच्या दक्षिण आशियाविषयक सल्लागार होत्या.

शिक्षण आणि सुरुवातीची वर्षे

मेबल यांचा जन्म जबलपूर येथे झाला. वेल्लोरच्या क्रिश्चन मेडिकल कॉलेजातून त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. विवाहानंतर आरोळे दांपत्याने नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. तेच रुग्ण बरे होऊन पुन्हा त्याच आजाराने परत येतात, असे तेथे त्यांच्या लक्षात आले. अस्वच्छ पाणी, कुपोषण व दारिद्र्य यांवर रुग्णालयात उपाय होऊ शकत नव्हता. त्यामुळे दोघांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले व ते मायदेशी परतले.

जामखेड प्रकल्प

जामखेड हा अवर्षणप्रवण भाग होता. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात मुक्कामास राहण्यास तयार होत नसत. म्हणून गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याची पद्धत पुढे आली. यांतील अनेक जणी निरक्षर होत्या आणि काही दलित समाजातील होत्या. सुरक्षित बाळंतपण, लसीकरण, बालकांचे वजन, अतिसार व कुष्ठरोग यांची ओळख ही कामे त्या शिकल्या. प्रशिक्षणासाठी त्या नियमितपणे जामखेडला येत. एका आठवड्यात शिकलेली गोष्ट गावात करून पाहायची आणि पुढच्या भेटीत अडचणी मांडायच्या, असा क्रम असे. शेतकरी मंडळे व महिला मंडळे यांच्या आधाराने पाणी, धान्य आणि जातिभेद हे प्रश्नही आरोग्याच्या कक्षेत आणले गेले. काही गावांत कूपनलिका दलित वस्तीत खोदल्याने सर्व जातींचे लोक तेथे पाणी भरण्यास येऊ लागले.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ होते. १९९० च्या दशकात ते तीसच्या खाली आले.

सल्लागार म्हणून कार्य

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'हेल्थ बाय द पीपल' या ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. १९७८ च्या अल्मा-आता परिषदेपूर्वी प्राथमिक आरोग्यसेवेची जी उदाहरणे चर्चेत होती, त्यांत जामखेडचा समावेश होता. त्यानंतर अन्य राज्यांतील व देशांतील कार्यकर्ते प्रशिक्षणासाठी येऊ लागले. त्यासाठी १९९२ मध्ये जामखेड येथे स्वतंत्र प्रशिक्षण व संशोधन संस्था सुरू झाली. १९९० च्या दशकात मेबल यांनी युनिसेफच्या काठमांडू येथील प्रादेशिक कार्यालयात काम केले. रुग्णसेवेकडून लोकांच्या आरोग्याकडे, आणि तेथून इतरांना ही पद्धत समजावून देण्याकडे, असा त्यांच्या कारकिर्दीचा प्रवास झाला.

मूल्यमापन

जामखेडची पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवता येते का, हा वादाचा विषय राहिला आहे. केंद्र सरकारने १९७७ मध्ये गावपातळीवरील आरोग्यरक्षकांची योजना आणली. परंतु तीत निवड झालेल्यांत पुरुषांचे प्रमाण मोठे होते आणि जामखेडसारखे सातत्याचे प्रशिक्षण नव्हते. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील 'आशा' या मात्र गावातीलच स्त्रिया आहेत. नुसती आरोग्यसेविका नेमल्याने परिणाम साधत नाही, तिच्यामागे गावाचा विश्वास आणि गंभीर रुग्णांसाठी जवळचे रुग्णालय असावे लागते, हे जामखेडच्या अनुभवातून दिसते.

पुरस्कार आणि लेखन

आरोळे दांपत्याला १९७९ चा रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 'जामखेड' हे दोघांनी मिळून लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९९४ मध्ये प्रकाशित झाले. मेबल यांचे १९९९ मध्ये, तर रजनीकांत यांचे २०११ मध्ये निधन झाले.