लढाऊ विमानांच्या प्लॅस्टिक प्रतिकृती

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून केलेली लढाऊ जेट विमानांची प्रमाणबद्ध रूपे; १/७२ आणि १/४८ ही प्रमाणे रूढ. भाग साच्यातून तयारच येतात, मग यात कारागिरी कसली, हा आक्षेप वरवरचा आहे. पुण्याच्या लोहगाव हवाई तळावर २००२ मध्ये दाखल झालेले आणि पुढे नाशिकजवळ ओझरला तयार होऊ लागलेले सुखोई-३० एमकेआय घ्या. त्याला दोन आसने आणि मुख्य पंखांपुढे छोटे कॅनार्ड पंख आहेत. मूळच्या एकआसनी सुखोई-२७ ला ते नाहीत. सुखोई-२७ च्या संचातून एमकेआय घडवायचे, तर छायाचित्रे ताडणे, कापाकापी, पुट्टी, पॉलिश पेपर हे सारे आलेच. हवाही आडवी येते: मुळशीच्या पावसाळी दमटपणात फवारलेला लॅकर पांढुरका पडतो. सांध्यावरची रेघ घासली नाही, तर ती रंगाखालूनही डोकावते.