चिंचोक्यांचा पाऊस

चार इमली म्हणजे चार चिंचा. भोपाळच्या या वस्तीत आज मंत्र्यांचे आणि बड्या अधिकाऱ्यांचे बंगले आहेत, फाटकाशी पहारा आहे, रस्ते स्वच्छ आणि शांत आहेत. नावातल्या त्या चार चिंचा नेमक्या कुठल्या, हे मात्र प्रत्येक म्हातारा माणूस वेगळे सांगतो. आमच्या आजीच्या लेखी त्यातली एक आमच्याच अंगणात होती. १९८१ साली बाबांना इथे सरकारी घर मिळाले तेव्हा मी आठ वर्षांची होते. आजीने सामान लावायच्या आधी अंगणातल्या झाडाखाली उभे राहून वर पाहिले आणि म्हणाली, "चला, वर्षाची चिंच घरची झाली."

आमचे घराणे नागपूरचे. आजोबा सचिवालयात कारकून होते. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. ज्यांची नावे नव्या राज्याच्या यादीत आली, त्यांनी बिऱ्हाड बांधले. आजोबा सांगत, "फायली निघाल्या, त्यांच्या मागे आम्ही निघालो." आजी सांगे ती गोष्ट वेगळी असे. तिच्या गोष्टीत एक ट्रंक होती, ट्रंकेत पुरणयंत्र आणि तळाशी दोन नऊवारी पातळे. ती पातळे नेसायची नव्हती. त्यांचा पडदा व्हायचा होता.

कारण टी. टी. नगरच्या क्वार्टर्समध्ये पहिल्याच गणपतीत नाटक झाले. नागपूरहून आलेली चार-पाच बिऱ्हाडे, दोन ग्वाल्हेरची, एक इंदूरचे. दोन खाटा जोडून त्यांवर फळ्या टाकल्या, दोरीवर आजीची पातळे टांगली, आणि पडदा ओढायचे काम दहा वर्षांच्या बाबांकडे आले. बाबांना त्या नाटकातले एक वाक्यही पुढे आठवत नव्हते. पण पडदा कुठल्या शब्दावर ओढायचा तो शब्द, आणि तो येण्याआधी हातात भरणारा घाम, हे ते पासष्टाव्या वर्षीही तसेच्या तसे सांगत. परक्या गावात, परक्या भाषेच्या शाळेत बावरलेल्या मुलाला आपल्यावाचून काहीतरी अडते, हे त्या दोरीने पहिल्यांदा सांगितले.

आत्या मॅट्रिकसाठी नागपुरातच मागे राहिली होती. पुढे ती शिक्षिका झाली. दर मे महिन्यात ती आमच्याकडे येई आणि रात्री अंगणात खाटा टाकल्या की तिच्या गोष्टी सुरू होत. त्यांत दारव्हेकर मास्तर हटकून असत. 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले १९६७ साली, तेव्हा उभा महाराष्ट्र पुरुषोत्तम दारव्हेकरांना ओळखू लागला. नागपूरकरांसाठी मात्र ते आधीपासून मास्तरच होते: शिक्षक, रंजन कला मंदिराचे प्राण, आणि मुलांसाठी मनापासून लिहिणारे नाटककार. 'अबब! विठोबा बोलू लागला' हे नुसते नाव उच्चारतानाही आत्याचे डोळे मोठे होत. ती म्हणे, "मोठ्यांसाठी लिहिणारा माणूस मुलांसाठी लिहिताना खाली वाकतो, आणि मुलांना ते लगेच कळते. मास्तर वाकत नसत. ते मुलांच्या शेजारी बसत."

तिच्या या वाक्याचा अर्थ मला मराठी बालरंगभूमीचा इतिहास वाचताना उमगला. सुधा करमरकरांनी परदेशात जाऊन बालनाट्याचा अभ्यास केला आणि १९५९ साली मुंबईत लिटल थिएटर सुरू केले. मुलांच्या नाटकालाही नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा नेटकी हवी, हा त्यांचा आग्रह होता. रत्नाकर मतकरींनी 'निम्माशिम्मा राक्षस' आणि 'अलबत्या गलबत्या' लिहिली. 'अलबत्या गलबत्या'तली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण पाहून किंचाळलेली मुले आज आजी-आजोबा झाली आहेत. विजय तेंडुलकरांनी 'चिमणा बांधतो बंगला' लिहिले. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. त्याच शाळेचे सभागृह पुढे 'आविष्कार' या नाट्यसंस्थेमुळे प्रायोगिक रंगभूमीचे घर झाले, आणि तिच्या 'चंद्रशाळा' या मुलांच्या विभागातून सुलभाताईंनी मुलांच्या कितीतरी पिढ्या रंगमंचावर उभ्या केल्या. १९८६ साली मोहन आगाशे आणि श्रीरंग गोडबोले यांनी बर्लिनच्या ग्रिप्स नाटकाचा मराठी अवतार पुण्यात आणला, 'छान छोटे वाईट मोठे'. त्यात राक्षस आणि परी नव्हती. घरातले, जिन्यातले, शेजारचे खरे प्रश्न होते. या सगळ्यांत समान धागा एकच. यांतल्या कुणीही मुलांना अर्धे माणूस समजले नाही.

भोपाळमध्ये आम्हाला हे सारे गोष्टींतूनच मिळायचे. पण १३ फेब्रुवारी १९८२ ला श्यामला हिल्सवर भारत भवन उघडले आणि आमच्या गावातच एक जग आले. चार्ल्स कोरियांनी ही इमारत टेकडीवर उभी न करता टेकडीच्या अंगात उतरवली आहे. वरून पाहावे तर नुसत्या गच्च्या आणि अंगणे, खाली मोठ्या तलावाचे पाणी. 'बहिरंग' या खुल्या रंगमंचाच्या पायऱ्यांवर बसले की नटांच्या पाठीमागे तलाव दिसतो. तिथल्या रंगमंडलाचे प्रमुख होते ब. व. कारंत. लहान वयात घर सोडून गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत गेलेला हा माणूस राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा संचालक होऊन मग भोपाळला आला होता. बाबा त्यांच्या संगीतावर खूश होते. घरी येऊन सांगत, "अगं, त्यांना पेटी-तबलाच लागतो असे नाही. दगड, मडके, काठी, हाताला येईल ते वाजते." आजी ऐकून घेई आणि म्हणे, "त्यात काय, माझे सूपही वाजते."

१९८३ च्या मे महिन्यात आत्या आली, तेव्हा आम्ही पोरे दुपारभर चिंचेखाली नुसती लोळत होतो. तिने पायरीवर उभे राहून विचारले, "काय करून राहिले रे पोट्टेहो?" आम्ही म्हटले, काही नाही. "मग नाटक करू." बंगल्यांतली आम्ही सहा-सात मुले होतो, कुणाच्या घरी मलयाळम, कुणाच्या घरी बंगाली. आत्या मागच्या आउटहाउसांकडे गेली आणि तिथल्या मुलांनाही घेऊन आली. आमच्या खेळात ती कधी नसत. गोष्ट तिने आम्हालाच रचायला लावली: एका गावात पाऊस येत नाही आणि गावातली पोरे त्याला शोधायला निघतात. भाषा अर्थातच आमची सर्वांची भोपाळी हिंदी.

सगळे जमले, पण शेवटी पाऊस पडायचा होता. तो पाडायचा कसा? आजी ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. गर मिठात मळून गोळे बरणीत जायचे आणि चिंचोके सुपात पडायचे. आउटहाउसातल्या मुलांपैकी माळ्याचा मुलगा दोन दिवस गप्प बसून नुसते ते सूप पाहत होता. तिसऱ्या दिवशी त्याने डालड्याचा रिकामा डबा आणला आणि त्यात ओंजळभर चिंचोके टाकले. मला वाटले, जितके जास्त तितका मोठा पाऊस, म्हणून मी डबा काठोकाठ भरला. हलवला तर आवाजच नाही; चिंचोक्यांना हलायला जागाच उरली नव्हती. त्याने माझ्या हातून डबा घेतला, निम्म्याहून जास्त चिंचोके काढून टाकले आणि आत्याला म्हणाला, "बुआजी, इनको गिरने की जगह चाहिए." मग त्याने डबा हळूहळू तिरपा केला. आधी एक चिंचोका, मग दोन, मग सरसर. डबा उलटसुलट करत त्याने भुरभुर आणली, मुसळधार आणली, आणि शेवटी पागोळ्यांचे थेंबही. आजीचे हात चिंचेतच थांबले. ती वर आभाळाकडे पाहू लागली.

प्रयोगाच्या दिवशी तो झाडामागे होता, कुणाला दिसत नव्हता. कामाला उशीर झाला म्हणून एक मुलगी आलीच नाही, आणि तिची सगळी वाक्ये झाडामागून बिनचूक ऐकू येऊ लागली. त्याला सर्वांचे सर्व पाठ होते. आत्या नंतर म्हणाली, "जो पडद्यामागे असतो, तो नाटक सर्वांत जास्त ऐकतो." मला बाबांची दोरी आठवली. मी आजवर जे काही शिकले, त्यात ही दुपार फार वर आहे. ध्वनी कसा होतो हे मला शाळेने पुढे दोन वर्षांनी शिकवले. डब्यात मोकळी जागा का लागते, ते मला आधीच ठाऊक होते. आणि ज्याला आम्ही खेळात घेत नव्हतो, त्याच्यावाचून आमच्या गावात पाऊस पडणार नव्हता, हेही.

आजोबांच्या गोष्टीत भंडाऱ्याकडच्या दंडार आणि खडीगंमत या लोकनाट्यांची रात्र असे. मोठेपणी मी हबीब तनवीरांचे 'चरणदास चोर' पाहिले आणि आजोबांचीच रात्र पुन्हा भेटली. ते नाटक छत्तीसगडच्या 'नाचा' या लोकनाट्याच्या अंगाने जाते, आणि नाच्यातल्या प्रहसनालाही 'गम्मत'च म्हणतात. एके काळी छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्याच राज्यात होते. शब्द आणि खेळ दोन्ही या रस्त्यांनी फिरले असतील. १९७५ साली 'चरणदास चोर'वर श्याम बेनेगलांनी चित्रपट केला तो बालचित्र समितीसाठी, आणि स्मिता पाटील पहिल्यांदा पडद्यावर दिसली ती त्याच चित्रपटात. गुरूला दिलेल्या वचनापायी चोर खोटे बोलत नाही आणि त्यात त्याचा जीव जातो. ही गोष्ट मुलांना दाखवावी असे या मोठ्या माणसांना वाटले. हबीबसाहेबांचे नया थिएटर पुढे भोपाळलाच आले आणि ८ जून २००९ ला त्यांनी इथेच डोळे मिटले.

आता जे सांगायचे त्याचे मला आजही वाईट वाटते. आमच्या शाळेच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास 'कला' लिहिलेला होता. सातवीत आम्हाला नाटकाची आवड असलेल्या एक बाई मिळाल्या. चार आठवडे तो तास झाला. मग चाचणी आली आणि त्या तासाला गणित सुरू झाले. चाचणी संपली तरी गणित संपले नाही. कुणी रागावले नाही, कुणी बंदी घातली नाही. तास फक्त नाहीसा झाला. वार्षिक संमेलनात मात्र नाटक हवे होते. तेव्हा पाठांतर चांगले असलेली आठ मुले निवडली आणि उरलेल्या चाळीस जणांना टाळ्या वाजवायला बसवले. त्या चाळिसांत डब्यात पाऊस पाडणारा एखादा नक्की असेल.

कारंतांनी कन्नडमध्ये मुलांसाठी 'पंजर शाले' केले, ते रवींद्रनाथांच्या पोपटाच्या गोष्टीवर. राजा पोपटाला शिकवायचे ठरवतो. पिंजरा सोन्याचा होतो, पोथ्यांचे ढीग लागतात, पाने फाडून पोपटाच्या घशात कोंबली जातात, आणि एक दिवस तो मरून पडतो. त्याच्या पोटात कागद सळसळतात. ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा सांगते, तेव्हा मला काठोकाठ भरलेला तो डालड्याचा डबा दिसतो. भरपूर भरले म्हणजे वाजते, ही आपली चूक फार जुनी आहे.

कागदावर सगळे मान्य आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा असे म्हटले. २०२० च्या शिक्षण धोरणाने कलेची सांगड इतर विषयांशी घालायला सांगितले. भोपाळमध्ये तुलसी नगरचे जवाहर बाल भवन आहे, २०११ पासून मध्य प्रदेश नाट्य विद्यालय आहे, भारत भवनाच्या पायऱ्या आहेत. म्हणजे जागा आहेत आणि शिकवणारी माणसेही तयार होत आहेत. अडते ते त्या एका तासापाशी.

आमच्या अंगणातली चिंच कोणत्याशा पावसाळ्यात पडली. आजी-आजोबा गेले, बाबा गेले. आत्या नागपुरात आहे, ऐंशी ओलांडलेली. परवा फोनवर मी तिला विचारले, शाळांना तू काय सांगशील? ती शिक्षिका होती, तिने लांबण लावली नाही. तिचे म्हणणे मी इथे माझे म्हणून लिहिते. मुख्याध्यापकांनो, वर्षातून एकदा शाळेतल्या सगळ्या मुलांना जिवंत माणसांचे नाटक दाखवा; निवडक मुलांना नको, सगळ्यांना. आणि वेळापत्रकात कलेचा जो एक तास आहे, त्या तासाला गणित घेऊ नका.